हातखंब्याचा श्रोता : रत्नागिरी जिल्ह्यातील वाचनालये आणि सार्वजनिक व्याख्यान

ग्रंथालयांचा इतिहास आपल्याकडे बहुधा स्थापनेच्या सनावरून आणि ग्रंथसंख्येवरून लिहिला जातो. शताब्दीच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिका पाहिल्या, तर त्यांत संस्थापकांची नामावली, देणगीदारांच्या तसबिरी, इमारतीच्या कोनशिलेची हकीकत आणि वर्षागणिक वाढत गेलेल्या पुस्तकांचे कोष्टक एवढे निश्चित आढळते. वाचनालयाच्या दिवाणखान्यात सायंकाळी सतरंज्या अंथरून जी व्याख्याने झाली, त्यांना मात्र या इतिहासात ‘इतर उपक्रम’ या सदराखाली चार ओळी मिळतात. प्रस्तुत लेखाची भूमिका याच्या उलट आहे. वर्गणीदारांची खाजगी मंडळी आणि ‘सार्वजनिक’ संस्था यांतील अंतर कोकणातील वाचनालयांनी जेवढे काटले, ते पुस्तकापेक्षा व्याख्यानाने अधिक काटले. आणि जेथे ते काटता आले नाही, तेथेही अडचण ग्रंथाची नसून श्रोत्याची होती, असे मला वाटते.

ही भूमिका तपासून पाहण्यासाठी एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. रत्नागिरी शहरापासून सुमारे १३ किलोमीटरांवर, म्हणजे जुन्या मापाने आठ मैलांवर, हातखंबा हे गाव आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणारा रस्ता यांची गाठ येथे पडते, म्हणून लोक या जागेला ‘हातखंबा तिठा’ म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून फार दूर नाही आणि फार जवळही नाही, असे हे गाव आहे. शहरातील वाचनालयात सायंकाळी होणारे व्याख्यान अशा गावच्या माणसाच्या कानांवर केव्हा व कसे पडू शकत होते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु संस्थेच्या नावातील ‘सार्वजनिक’ या विशेषणाचा खरा विस्तार किती होता, हे ठरविण्यास त्याच्याइतके चोख माप दुसरे नाही.

रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, आणि महाराष्ट्रातील आद्य वाचनालयांत त्याची गणना होते. आज ते रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय म्हणून ओळखले जाते. आरंभी त्याचे नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या धर्तीचे होते. या सनाचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. पेशवाई जाऊन अवघी दहा वर्षे झाली होती. दक्षिण कोकणच्या कलेक्टरीचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस येऊन सहाच वर्षे लोटली होती. पुढे १८३० साली उत्तरेकडील भाग तोडल्याने रत्नागिरीचा दर्जा काही काळ उपजिल्ह्याचा झाला आणि १८३२ मध्ये तो पुन्हा जिल्हा झाला. म्हणजे ज्या गावात ही संस्था निघाली, त्या गावचे शासकीय स्थानही अद्याप स्थिर व्हावयाचे होते. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे, ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० चे. जांभेकर स्वतः याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील पोंभुर्ल्याचे. परंतु त्यांच्या लेखणीतून उतरलेले काहीही ठेवण्याची सोय १८२८ च्या कपाटात नव्हती, कारण ते लिहिलेच गेले नव्हते. श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेली काही मराठी पुस्तके आणि मुंबईच्या शिक्षणमंडळीने शाळांसाठी छापविलेली पाठ्यपुस्तके वगळता मराठी गद्याचे छापील भांडार जवळजवळ रिकामे होते. वाचनालय आधी निघाले आणि वाचावयाचे वाङ्मय मागाहून आले, असा हा विलक्षण क्रम आहे.

तेव्हा अशा संस्थेत जाऊन माणसे काय करीत असतील? इंग्रजी पुस्तके व मुंबईची वर्तमानपत्रे चाळीत असतील, हे उघड आहे. पण तेवढ्याचसाठी येणारा वर्ग कचेरीतील कारकून, वकील व शिक्षक यांच्यापलीकडे जाणे शक्य नव्हते. ‘नेटिव्ह’ या शब्दाने संस्था एतद्देशीयांची असल्याचे सांगितले, ‘जनरल’ या शब्दाने ती एका जातीची वा धर्माची नसल्याचे सांगितले. वर्गणीने मात्र ती कोणाची आहे हे न सांगता सांगितले. शेजारच्या गोमंतकात पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ साली पोर्तुगीज सरकारने स्थापन केले. ते सरकारी होते आणि सरकारच्या भाषेत बोलत होते. रत्नागिरीची संस्था लोकांच्या वर्गणीवर उभी होती. दोहोंमध्ये केवळ चार वर्षांचे अंतर असले, तरी त्यांच्या स्वभावातील हा फरक पुढील दीडशे वर्षे टिकला.

याच सुमारास पश्चिमेत श्रवणाला शिक्षणाचे साधन मानणारी चळवळ मूळ धरीत होती. लंडनमध्ये १८२३ साली डॉ. बर्कबेक यांच्या पुढाकाराने कारागिरांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानातील मिलबरी येथे १८२६ मध्ये जोसाया होलब्रुक याने पहिले ‘लायसियम’ सुरू केले. या दोन्ही संस्थांत व्याख्यान हे मूळ आणि पुस्तकसंग्रह हा त्याचा विस्तार असा संबंध होता. आमच्याकडे तो उलटा झाला. आम्ही कपाटापासून आरंभ केला आणि व्यासपीठाकडे वीस-पंचवीस वर्षांनी वळलो. याचे कारण आमच्याकडे ऐकण्याची परंपरा नव्हती असे मुळीच नाही. ती इतकी समृद्ध आणि इतकी बांधीव होती, की नव्या प्रकारच्या भाषणाला तीत शिरकाव मिळणे कठीण गेले.

‘व्याख्यान’ हा शब्दच पाहा. शास्त्रीपंडितांच्या व्यवहारात व्याख्यान म्हणजे मूळ ग्रंथाचे विवरण. ग्रंथ समोर असावयाचा, त्याचा अधिकार निर्विवाद असावयाचा आणि वक्त्याने त्याचा अर्थ खुला करावयाचा. पुराणिक पोथी सोडून बोलत नसे. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान लावी. त्याला विनोदाची, समकालीन टोमण्याची मुभा असे, पण उभे राहण्याचा त्याचा अधिकार देवाच्या समोर उभे राहण्याचा होता. आपल्या स्वतःच्या विचाराच्या बळावर, समोर पोथी वा पाठीमागे देव नसताना, एका माणसाने उठून चारचौघांना तासभर काही सांगावे आणि त्यांनी ते ऐकून शंका विचारावी, ही कल्पना मराठी समाजात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अपरिचित होती. हा अर्थपालट आमच्या भाषेच्या इतिहासात जितका मोलाचा आहे तितका तो अभ्यासिला गेलेला नाही.

या पालटाचे टप्पे मुंबई-पुण्यास स्पष्ट दिसतात. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षक व विद्यार्थी यांनी साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी जी सभा काढली, तिची मराठी शाखा म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. तेथे सभासद निबंध वाचीत, त्यावर चर्चा होई, आणि १८५० पासून निघालेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात असे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे आधी बोलणे, मग छापणे. मराठी निबंधाच्या शैलीत जो संबोधनाचा सूर दीर्घकाळ टिकला, त्याचे एक मूळ येथे शोधता येईल. १८५७ च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. तेथे छप्पर नव्हते, वर्गणी नव्हती, की दाराशी कोणी उभा नव्हता. कोणीही थांबून ऐकावे आणि वाटल्यास निघून जावे. या वादांची हकीकत जॉर्ज बोवेन या पाद्र्याने इंग्रजीत प्रसिद्धही केली. वाचनालयांनी या वाळूतील सभेपासून काही शिकावे अशी ती होती. पण त्यांनी ते शिकावयास बराच काळ घेतला.

पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी, आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ चे. गोपाळ हरि देशमुख यांचा तिच्याशी निकटचा संबंध. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला. त्याच वर्षी दयानंद सरस्वतींची व्याख्याने पुण्यात झाली आणि त्यांच्या मिरवणुकीवरून गावात केवढी खळबळ उडाली, हे प्रसिद्धच आहे. एकाच वर्षातील या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो. एकीने व्याख्यानाला ऋतू, स्थळ आणि शिस्त दिली. दुसरीने व्याख्यानात केवढी दाहकता असू शकते ते दाखविले. पुढे महाराष्ट्रातील वाचनालयांनी जे स्वीकारले ते पहिलीचे वळण होय. व्याख्यानमाला हे नावच बोलके आहे: एकेक फूल ओवलेले, दोरा मंडळाच्या हाती.

आता कोकणाकडे परत येऊ. मुंबई-पुण्यास जे सभागृहात घडले, त्याचे खेड्यातील रूप पाहण्यास दापोली तालुक्यातील मुरूड या गावी जावे लागते. धोंडो केशव कर्वे यांचे बालपण येथे गेले. त्यांच्या आत्मवृत्तात एक हकीकत आली आहे. गावच्या मराठी शाळेतील सोमण या शिक्षकांच्या उत्साहामुळे वर्तमानपत्र येऊ लागले आणि देवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना ते वाचून दाखविण्याचे काम विद्यार्थिदशेतील कर्व्यांकडे आले. ही हकीकत कर्व्यांच्या चरित्रकारांना गोड बालकथा वाटत आली आहे. मला ती ग्रंथालयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे साधन वाटते. येथे सार्वजनिक वाचनाची सारी अंगे उपस्थित आहेत: एक अंक, एक वाचणारा, अनेक ऐकणारे, आणि पुराण ऐकण्याची ठरलेली जागा. इमारत नवी लागली नाही. साक्षरता सर्वांना असण्याची गरज नव्हती. वर्तमानपत्राची किंमत एकदाच पडली आणि श्रोते मात्र अनेक झाले. नव्या श्रवणाने जुन्या श्रवणाच्या जागी पाट मांडला, एवढेच. पुढे १८७५ साली हाच मुलगा परीक्षेसाठी मुरूडहून घाट चढून साताऱ्यास पायी गेला आणि वय कमी दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दोन्ही हकीकती एकत्र वाचल्या, तर त्या काळी कोकणातील मनुष्याला ज्ञान घरी चालून येणे आणि ज्ञानाकडे चालत जाणे यांत केवढा फरक होता ते कळते.

हातखंब्याच्या श्रोत्याचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. पुस्तक प्रवास करू शकते. शहरातील वर्गणीदाराने घरी नेलेले पुस्तक पाहुण्याबरोबर गावी जाते, तेथे महिनाभर राहते, दोन-चार जणांच्या हातांतून फिरते. व्याख्यानाला हे जमत नाही. ते ठरल्या वेळी ठरल्या जागी होते आणि संपते. वक्ता दिवेलागणीनंतर बोलावयास उभा राहिला आणि तासाभराने बसला, तर शहरातील श्रोता कंदील घेऊन पाच मिनिटांत घरी पोचे. आठ मैलांवरच्या माणसाला अंधारातून, चढउताराच्या वाटेने, बैलगाडीने वा पायी जावे लागे. तो येत नसेल तर त्यात त्याची ज्ञानाविषयीची अनास्था शोधण्याचे कारण नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुटली. त्यानंतर ही सेवा हळूहळू कोकणात पसरली आणि अंतर प्रथमच माणसाच्या आवाक्यात आले. तरीही संध्याकाळची शेवटची गाडी, जिला लोक ‘वस्तीची गाडी’ म्हणतात, ती जी वेळ ठरवी तीच खेड्यातील श्रोत्याची मर्यादा. अनेक तालुक्यांच्या गावी व्याख्यानाची वेळ ठरविताना मंडळाचे कार्यवाह आधी गाड्यांचे वेळापत्रक पाहत असत, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल.

अंतराइतकाच ऋतूही महत्त्वाचा. देशावर गणेशोत्सव हा व्याख्यानाचा हंगाम झाला, कारण १८९३ नंतर तेथे गणपती चौकात आला. कोकणात तो घरातच राहिला. गौरीगणपतीत मुंबईहून माणसे येतात, पण ती आरती, भजन, जाखडी आणि नातीगोती यांत गुंतलेली असतात. व्याख्यानाला त्या दिवसांत मुळी जागाच नाही. मृगापासून भातलावणी, पुढे कापणी-झोडणी, शिमग्यात पालखी आणि नमन-खेळे. पूर्वी पावसाळ्याचे तीन महिने बोटी बंद राहत, तेव्हा बाहेरचा वक्ता येण्याचा संभवही नसे. राहिला एप्रिल-मे. सुटीचे दिवस, आंब्याचा हंगाम, चाकरमानी गावी आलेले. या कारणाने कोकणातील वाचनालयांना वसंत व्याख्यानमाला हे पुण्याचे अनुकरण वाटले तरी ते केवळ अनुकरण नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा ऋतूच उरत नव्हता.

चाकरमान्याचा उल्लेख आला आहे, तर त्याचाच मुद्दा पुढे नेणे इष्ट. १९२१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली २ लाखांहून अधिक माणसे मुंबईत नोंदली गेली. गिरणगावातील कामकऱ्यांत या जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने याच वस्तीत रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालये, पेटीतून हिंडविली जाणारी पुस्तके आणि जादूच्या कंदिलाच्या साहाय्याने दिलेली व्याख्याने असा कार्यक्रम चालविला. म्हणजे हातखंब्यासारख्या गावचा जो तरुण आठ मैलांवरील रत्नागिरीच्या वाचनालयात कधी बसला नसेल, तो दोनशे मैलांवरील परळात सायंकाळी व्याख्यान ऐकत होता, असे म्हणावयास हरकत नाही. रत्नागिरी जिल्ह्याचा श्रोतृवर्ग जिल्ह्याच्या बाहेर तयार झाला. गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी पुढे आपापल्या गावी शाळेला खोली बांधून दिली, वाचनालयाला कपाट दिले, वर्तमानपत्राची वर्गणी भरली; त्यामागे ग्रंथप्रेम होते तसेच गिरणगावात लागलेली ही ऐकण्याची सवयही होती. जिल्ह्याचा ग्रंथालयीन इतिहास लिहिणाऱ्याने परळच्या दप्तराकडे पाठ फिरवून चालणार नाही.

येथवर अंतराचा विचार झाला. परंतु वाचनालयाच्या दाराशी राहणाऱ्यालाही आत येता येत होते काय? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. ‘सार्वजनिक’ या शब्दाला कायद्याच्या भाषेत अर्थ देण्याचा हा मोठा प्रयत्न होता. महाडचा १९२७ चा सत्याग्रह त्याच्याच पाठोपाठ आला. तथापि या यादीत वाचनालय नव्हते. वर्गणीदारांची संस्था नावाने सार्वजनिक आणि कायद्याने खाजगी अशी दुहेरी राहिली. या काळात जिल्ह्यातील सर्वांत मोठी वैचारिक भाषणे वाचनालयांच्या भिंतीबाहेर झाली, यात आश्चर्य नाही. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूण येथे भरलेल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांनी भूषविले, खोतीचा प्रश्न पुढे १९३७ साली त्यांनी विधिमंडळात विधेयकाच्या रूपाने मांडला, आणि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. रत्नागिरी शहरात १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर स्थानबद्ध होते. राजकारणावर बोलण्यास त्यांना मनाई असल्याने जातिभेद, सहभोजन व मंदिरप्रवेश हे विषय त्यांनी घेतले. १९३१ मध्ये भागोजी कीर यांच्या धनसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले. या दोन नेत्यांच्या भूमिका परस्परांहून फार भिन्न होत्या आणि त्यांची तुलना करणे हा येथे हेतू नाही. पाहावयाचे एवढेच, की जिल्ह्यातील माणूस जातीच्या प्रश्नावर जे ऐकत होता, ते परिषदेच्या मंडपात आणि देवळाच्या पटांगणात ऐकत होता.

वाचनालयांनी ‘शैक्षणिक’ व्याख्यान पसंत केले. संतवाङ्मय, इतिहासातील थोर पुरुष, आरोग्य, प्रवासवर्णन, विज्ञानातील नवलकथा. या निवडीची टवाळी करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. परकीय सरकारच्या काळात राजकीय सभेवर नजर असे आणि संस्थेची इमारत, फर्निचर, पुस्तके हे सारे एका चुकीच्या सभेने धोक्यात येऊ शकले असते. तटस्थपणामुळे या संस्था टिकल्या, आणि टिकल्या म्हणून आज त्यांच्याविषयी लिहिता येते. परंतु या टिकण्याची किंमतही मोजलेली आहे. ज्या विषयांवर गाव रात्रभर भांडत होते, ते विषय वाचनालयाच्या पत्रिकेवर दहा-वीस वर्षे उशिरा, निरुपद्रवी झाल्यावर आले. स्त्रियांच्या बाबतीतही असेच झाले. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापून स्त्री जाहीरपणे बोलू शकते हे दाखवून दिले. वाचनालयांनी मात्र स्त्रियांना दीर्घकाळ मुख्यतः हळदीकुंकवाच्या निमित्ताने बोलाविले. तरीही त्या निमित्ताने कपाटापाशी आलेली गृहिणी पुढच्या आठवड्यात पुस्तक बदलावयास आली असेल, तर हळदीकुंकवाला नाके मुरडण्याचा अधिकार इतिहासकाराला उरत नाही.

शासनाचा हात या संस्थांपर्यंत बराच उशिरा पोचला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले होते. त्यात निरक्षरांसाठी चित्रे, कंदिलाच्या काचा व चलच्चित्रे दाखविणारी शाखा होती. जे वाचू शकत नाहीत तेही ग्रंथालयाचे वाचकच, हे तत्त्व एखाद्या सरकारने इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याचे दुसरे उदाहरण त्या काळच्या हिंदुस्थानात क्वचितच सापडेल. मुंबई सरकारने १९३९ साली फैजी समिती नेमली. तिचा अहवाल १९४० चा. जिल्हा व तालुका ग्रंथालयांची साखळी आणि त्यांना अनुदान ही कल्पना तिच्या शिफारशींतून आली आणि स्वातंत्र्यानंतर अमलात येऊ लागली. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला होता. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. मद्रास राज्याच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे त्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर नव्हता. संस्था लोकांनी चालवावी आणि शासनाने अनुदान द्यावे, हा जुना घाट कायम राहिला. १८२८ च्या वर्गणीदारांना तो ओळखीचा वाटला असता.

या घाटाचा व्याख्यानावर झालेला परिणाम दुहेरी आहे. मान्यताप्राप्त वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली, आणि दर्जा ठरविताना ग्रंथ, नियतकालिके, वाचनालय उघडे राहण्याचा वेळ अशा मोजता येणाऱ्या बाबींना साहजिकच वजन आले. ऐकणाऱ्याची मोजदाद करणे अवघड. पुस्तकाला दाखलअंक देता येतो, शिक्का मारता येतो. श्रोत्याला देता येत नाही. उलटपक्षी, शासनाने व्याख्यान ताब्यात घेतले नाही, म्हणून ते गावाचे राहिले. दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ ठेव ठेवून तिच्या व्याजातून दरवर्षी एक व्याख्यान, ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत रुजली. श्राद्धाच्या ठिकाणी व्याख्यान, असे कोणी थट्टेने म्हणेल; मला तीत व्याख्यानाचा जुना, विधीशी जोडलेला अर्थ पुन्हा डोके वर काढताना दिसतो. विद्यापीठांच्या बहिःशाल शिक्षण मंडळांनी याच वाचनालयांच्या दिवाणखान्यांचा आधार घेऊन प्राध्यापकांना तालुक्याच्या गावी धाडले. केंब्रिजने १८७३ मध्ये जे आरंभिले, ते आमच्याकडे सत्तर-ऐंशी वर्षांनी आले. पण ते आले तेव्हा त्याला खोली, सतरंज्या आणि श्रोते तयार मिळाले. एखाद्या महाविद्यालयीन अध्यापकाला विद्यार्थ्यांच्या पलीकडील श्रोत्यांची जरब प्रथम जाणवली असेल तर ती अशा व्याख्यानात. पुढच्या रांगेतील निवृत्त मामलेदार काय विचारील, याचा नेम नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात जिल्ह्यातील साहित्यव्यवहार वाचनालयाच्या खोलीबाहेर पडून मोठा झाला. १९९० मध्ये रत्नागिरीस मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१३ मध्ये चिपळूणला नागनाथ कोत्तापल्ले यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद निघाली आणि केशवसुतांच्या जन्मगावी, मालगुंडला, त्यांचे स्मारक उभे राहिले. स्मारक खेड्यात होणे ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. श्रोत्याने शहराकडे जाण्याऐवजी शहरातील श्रोत्याने निवळी तिठ्यावरून वळून खेड्याकडे जावे, असा उलटा प्रवाह त्यातून सुरू झाला. आज २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव हे वाचनालयांच्या पत्रिकेतील ठरलेले दिवस झाले आहेत. दिनविशेषाच्या या शिस्तीने कार्यक्रम नियमित झाले, पण एकाच दिवशी सगळीकडे एकच विषय अशी थोडी एकसुरी अवस्थाही आली, हे नमूद केले पाहिजे. हातखंब्याच्या तिठ्यावर उभा असलेला तरुण आता कोणतेही व्याख्यान खिशातील भ्रमणध्वनीवर ऐकू शकतो. आठ मैलांचा प्रश्न त्याच्यापुरता सुटला आहे. वक्त्याला शंका विचारण्याचा आणि शेजारच्या श्रोत्याबरोबर परत येताना वाद घालण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे.

या सर्व इतिहासाची साधने फार नाशवंत आहेत. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २६ जुलै २००५ च्या आणि पुन्हा २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि या संस्थेच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. पुस्तकाची दुसरी प्रत अन्यत्र मिळू शकते. सभेचे इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्यांची वही, हाताने लिहिलेली निमंत्रणपत्रिका, व्याख्यात्याचे येतो वा येत नाही असे कळविणारे कार्ड यांची दुसरी प्रत नसते. आणि वाळवीला व ओलीला महापुराची वाट पाहावी लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील वाचनालयांकडे प्रबंधाचा विषय म्हणून पाहावे, असे वाटते ते यासाठी. ग्रंथांची यादी सर्वांत शेवटी मागावी. प्रथम जमाखर्चाच्या वह्या मागाव्यात, कारण इतिवृत्त लिहिणारा कार्यवाह सर्व सभा ‘उत्साहात’ पार पाडतो, खजिनदार तसे करू शकत नाही. दिवाबत्तीचा खर्च किती, यावरून सभा किती वाजेपर्यंत चालली हे कळते. भाड्याने आणलेल्या सतरंज्यांवरून माणसे किती अपेक्षित होती ते कळते. वक्त्याच्या प्रवासखर्चावरून तो बोटीने आला, घाटातून आला की गावातलाच होता, हे ठरविता येते. आणि एखाद्या वर्षी सतरंज्यांच्या ऐवजी खुर्च्यांचे भाडे पडू लागलेले दिसले, तर कोण किती उंचावर बसत होते, याचा शोध त्या ओळीपासून सुरू करता येईल.